साडेआठचं शून्य

१ नोव्हेंबर, सोमवार

एकशे सत्त्याऐंशीचा तक्ता आला नाही. येणार नाही हे माहीत होतं. तरी टपालाचा गठ्ठा दोनदा चाळला. तिसऱ्यांदा हात घातला तेव्हा समोरच्या टेबलावरून दशांश बघत होता, म्हणून थांबले.

महिना संपला की देशभरातल्या चारशे बारा केंद्रांचे तक्ते माझ्या टेबलावर येऊन पडतात. रोज सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस, रात्रीचा नीचांक, दिवसाचा उच्चांक. त्यातून मी महिन्याचा गोषवारा करते — अख्ख्या देशाचं हवामान दोन पानांत. दहा तारखेला तो बाहेर पडायलाच लागतो. पंधरा वर्षं हाच उद्योग. आता बहुतेक केंद्रांचे आकडे थेट मशीनवर येतात. कागदी तक्ता टपालाने पाठवणारी नऊ केंद्रं उरली आहेत. त्यातलं एक एकशे सत्त्याऐंशी, म्हणजे बाबांच्या अंगणातलं.

उरली होती, असं लिहायला हवं. आता आठ. बाबा २१ ऑक्टोबरला पहाटे झोपेतच गेले. मी दुपारी पोचले आणि संध्याकाळच्या बसने परत आले. आत्या म्हणाली, "एक दिवस तरी राहा गं." मी म्हटलं, ऑफिस आहे. ऑफिस कुठे पळून जात होतं?

आज अकरा दिवसांनी हे वहीत लिहिलं. लिहून झाल्यावर उठून गॅस बंद आहे का ते बघून आले. बंदच होता.

२ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर पत्राचा मसुदा. बिनपगारी नोंदक म्हणून इतकी वर्षं काम केलं, तर कार्यालयातर्फे कुटुंबाला एक पत्र जायला हवं — "तुमच्याच वडिलांचं आहे, पण तपशील तुम्हीच तपासून द्या. तुमच्याइतकं अचूक कोण करणार?" म्हणजे माझ्या बापाचं सांत्वनपत्र मीच तपासायचं, मीच जावक नंबर टाकायचा आणि मीच घरी जाऊन उघडायचं. साहेबांच्या हे लक्षात आलं नाही. माणूस वाईट नाही, फक्त कागदाच्या पलीकडचं त्यांना दिसत नाही. मला तरी कुठे दिसतं!

मशीनवरून यादी काढली. एकतीस वर्षं. सप्टेंबरपर्यंत बाबांच्या केंद्राच्या रेघा: शून्य.

आमच्यात शून्य आणि रेघ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाबांनी मला तो सातव्या वर्षी शिकवला, अंगणात, मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरायला लावून. शून्य म्हणजे गेलो, बघितलं, पाणी नव्हतं. रेघ म्हणजे गेलोच नाही. "शून्य फुकट मिळत नाही टिंबू, त्याच्यासाठी चपला घालायला लागतात." टिंबू म्हणजे मी. पाऊस नसला की ०.० लिहितात ना, त्यातली दोन शून्यं म्हणजे आई आणि बाबा, आणि मधलं टिंब मी. आई म्हणायची, मला कशाला शून्य करता? बाबा म्हणायचे, अगं, दोन्हीकडून धरून ठेवायला कोणीतरी पाहिजे ना तिला.

साहेब यादी बघून हरखले. "एकतीस वर्षांत एकही रेघ नाही! मॅडम, असा माणूस होणे नाही." आणि तेच त्यांनी पत्रात घातलं: एकही दिवस न चुकता.

मी मान डोलावली. न चुकता, हो. एका दिवशी ते चुकले असते तर बरं झालं असतं.

३ नोव्हेंबर, बुधवार

ऑक्टोबरात एकशे सत्त्याऐंशीचे वीस दिवस आहेत. तक्ता पुरा व्हायचा होता म्हणून टपालात पडला नाही, आत्याने काल फोनवर आकडे वाचून दाखवले. तिला दशांशचिन्ह वाचता येत नाही. "तीन, मग एक ठिपका, मग सहा." वीस दिवसांना अर्धा तास लागला. मी मधे एकदाही तिला घाई केली नाही. एवढा वेळ बाबांचं अक्षर कोणीतरी वाचत होतं.

वीस दिवस म्हणजे अकरा रेघा, आणि इथेच घोडं अडलंय. नियम असा: महिन्यात दहापर्यंत रेघा असल्या तर मशीन शेजारच्या तीन केंद्रांवरून अंदाज काढतं आणि रिकाम्या जागा भरून टाकतं. केंद्र गोषवाऱ्यात राहतं. अकरावी रेघ आली की तो महिनाच बाद. कोष्टकात केंद्राच्या नावापुढे नुसती आडवी रेघ छापतात.

एका दिवसाने हुकतंय.

दशांशला सांगितलं. तो माझ्या समोरच्या टेबलावर बसतो, ऑफिसात याला सगळे दशांशच म्हणतात, कारण चहासुद्धा "पॉइंट सात कप" मागतो. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "भरलेले आकडे आणि मोजलेले आकडे हल्ली कळतात तरी कुठे कोणाला? पूर्वी भरलेल्या आकड्याच्या डोक्यावर चांदणी असायची. तुला नको झाल्या."

खरं आहे. सहा वर्षांपूर्वी मीच साहेबांच्या मागे लागून त्या चांदण्या काढायला लावल्या. छापील पानावर गोवर उठल्यासारखं दिसायचं. कोष्टक कसं स्वच्छ झालं! वरिष्ठांनी पाठ थोपटली होती. बाबांना फोन करून सांगितलं होतं मी, तेव्हा आम्ही बोलत होतो. ते म्हणाले, "स्वच्छ झालं, पण खरं किती उरलं ते बघ." मला राग आला होता. मला तेव्हाही पटकन राग यायचा.

४ नोव्हेंबर, गुरुवार

किनारपट्टीवर सरासरीच्या बत्तीस टक्के जास्त. पठारावर अठरा टक्के कमी. देश एकंदरीत ठीक. मला रडू येत नाही, याचीच भीती वाटायला लागली आहे.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज लिहूनच टाकते. या वहीशिवाय सांगणार कोणाला!

चार वर्षांपूर्वी, ९ फेब्रुवारी. आई पाच महिने अंथरुणावर होती. घरात ती आणि बाबा, दोघंच. मी दर रविवारी जात होते आणि रोज सकाळी फोन. त्या दिवशी माझ्याआधी बाबांचा फोन आला, नऊ वाजता. "आई गेली." एवढंच. डॉक्टरांच्या कागदावर वेळ होती आठ पस्तीस.

एक महिना रजा काढली. परत आले तेव्हा फेब्रुवारीचं छापील कोष्टक टेबलावर होतं, दुसऱ्या कोणीतरी केलेलं. सवयीने बोट एकशे सत्त्याऐंशीवर गेलं. नऊ तारीख. ०.०

म्हणजे साडेआठला ते अंगणात होते. चपला घालून. पर्जन्यमापकाचं नरसाळं काढायचं, बाटली उचलायची, मोजपात्रात ओतायची, वाकून डोळ्यांच्या रेषेत बघायचं, परत सगळं बसवायचं, आत येऊन वहीत लिहायचं. दहा मिनिटं लागतात, मी केलंय ना ते. त्या दहा मिनिटांत माझी आई एकटी गेली. कोरड्या बाटलीसाठी. फेब्रुवारीत त्या भागात पाऊस पडत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

उभ्याउभ्याच ऑफिसातून फोन लावला. म्हटलं, "बाबा, नऊ तारखेला साडेआठला शून्य आहे."

पलीकडून — "तुमच्या यादीत आहे?"

"आहे."

"मग असेल."

मी फोन ठेवला. त्यांनी परत केला नाही, मीही केला नाही. दोघांचा राग एकाच दुकानातून आणलेला. नंतर आत्या त्यांच्याकडे राहायला आली आणि अबोला पक्का झाला, कारण आता जेवणखाण बघायला माणूस होतं. मी जायचं काही कारणच उरलं नाही. मी ते कारण उरू दिलं नाही, असं म्हणावं.

फक्त तक्ते येत राहिले. पंचावन्न तक्ते. दर महिन्याच्या एक-दोन तारखेला, तपकिरी पाकीट, डाव्या कोपऱ्यात केंद्र क्रमांक. मी पाकीट सगळ्यांत शेवटी फोडायची. आकडे भरायची. शेऱ्याच्या रकान्यात ते कधीकधी चार शब्द लिहायचे — "उत्तरेचा वारा. कुंपण आडवं." किंवा "दव फार. वही ओली." ते मला होतं का? मला माहीत होतं ते मलाच होतं. मी वाचायची आणि पाकीट फाइलला लावायची. काळीज दगडाचं करायला फार काही लागत नाही, रोज थोडं थोडं जमतं.

आणि मला अजून त्यांचा राग येतोय. माणूस गेलं तरी राग जात नाही, हे कोणी सांगितलं नव्हतं.

६ नोव्हेंबर, शनिवार

अर्धा दिवस ऑफिस. दशांश खुर्ची ओढून जवळ आला. हळू बोलला, म्हणजे त्याच्या मानाने हळू.

"एकवीस तारखेला त्या पट्ट्यात कुठेही थेंब नाही. मी चौदा केंद्रं बघितली. तू स्वतः होतीस तिथे. अंगणात पाऊस होता का?"

म्हटलं, नव्हता.

"मग टाक ना एक शून्य. दहा रेघा राहतील, बाकीचं मशीन भरेल. तुझ्या वडिलांचा शेवटचा महिना कोष्टकात येईल. कोणाचं काय बिघडतंय?"

कोणाचंच नाही. शून्य खरंही असेल. पण त्या दुपारी मी अंगणात पर्जन्यमापकाकडे पाठ करून उभी होते. मुद्दाम. लोक येत होते, जात होते, आणि मी त्या डब्याचं तोंड बघायचं नाही असं ठरवून उभी होते. मी बघितलेलं नाही.

दशांश गेला. मी शून्य टाकलं.

लगेच खाली सगळ्या जागा पटापट भरल्या. महिन्याची बेरीज आली — एकाहत्तर पूर्णांक चार. केंद्र एकशे सत्त्याऐंशी परत कोष्टकात! छान दिसत होतं. बाबा जिवंत असल्यासारखं. मशीन बंद करून घरी आले.

उद्या जाते. आत्या दोनदा म्हणाली आहे, तो डबा आणि वह्या घेऊन जा बाई.

७ नोव्हेंबर, रविवार

आत्ताच आले. पाय दुखताहेत, तरी लिहिते, नाहीतर उद्या मीच यातलं अर्धं पुसून टाकेन.

घर आहे तसंच. बाबांच्या खोलीच्या दारामागे त्यांची पावसाळी टोपी, खुंटीवर. टेबलावर घड्याळ, त्याला साडेआठचा गजर लावलेला. आत्या म्हणाली, अजून रोज वाजतो, बंद कसा करायचा कळत नाही, आणि कळलं तरी करणार नाही. टेबलाच्या खणात डोळ्यांत घालायच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या, ओळीने. मी विचारलं, हे काय?

"अगं, डोळ्याचं ऑपरेशन नाही का झालं जानेवारीत? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दादा म्हणाला, टिंबूला कळवलंय मी."

मी म्हटलं, मला नाही कळवलं.

"कळवलं म्हणाला. तक्त्यावर लिहून पाठवलं म्हणाला."

खाली बसले. डोक्यात आकडे फिरायला वेळ लागला नाही, तेवढं एकच येतं मला. जानेवारीचा तक्ता. शेऱ्याच्या रकान्यात सलग पाच दिवस: "सकाळी दिसतं कमी." मला आठवलं, कारण मीच ते मशीनमध्ये घातलं होतं. धुकं म्हणून! जानेवारीच्या गोषवाऱ्यात माझं वाक्य आहे — डोंगरपट्ट्यात सलग पाच दिवस दाट धुके. साहेबांनी त्यातलं "दाट" खोडलं होतं. सगळ्या देशाने वाचलं असेल ते. माझा बाप आंधळा होत होता आणि मी त्याचं धुकं करून छापलं.

आत्याने पाणी आणून दिलं. म्हणाली, "तुझी काय चूक त्यात? तुमचं दोघांचं बोलणंच तसलं. सरळ म्हणून एक शब्द नाही."

मग अंगणात गेले. पर्जन्यमापक कुंपणापासून तीन हात, गवत कापलेलं नाही. नरसाळ्यात दोन सुकलेली पानं. काढली. बाटली उचलली तर जड. वीस तारखेच्या सकाळनंतर कोणी हात लावलेला नाही, म्हणजे अठरा दिवसांचं पाणी. सव्वीसला पडला असेल, तीनला पडला असेल, शेजारची केंद्रं तसंच सांगतात. कुठला थेंब कुठल्या दिवसाचा, ते आता कोणीच सांगू शकणार नाही.

मोजपात्र स्वयंपाकघराच्या खिडकीत, नेहमीच्या जागी. ओतलं, वाकले, डोळ्यांच्या रेषेत धरलं. पाणी हलत होतं, थांबायची वाट बघितली. तेवीस पूर्णांक चार. मागून आत्या म्हणाली, "किती?"

आई अशीच विचारायची. ओट्यापाशी, पाठ न वळवता. किती? बाबा आत येता येता आकडा सांगायचे आणि ती म्हणायची, बरं. वर्षानुवर्षं रोज. मला वाटायचं काय हा पोरखेळ, तिला काय करायचंय आकड्याचं! आज कळलं, तिला आकड्याचं काही करायचं नव्हतं.

पाणी झाडाला ओतलं नाही. तसंच हातात धरून बसले पायरीवर. आत्या माझ्या शेजारी बसली. तिथे रडले. चार वर्षांचं आणि अठरा दिवसांचं एकदमच आलं.

निघताना तिने तीन जाड वह्या कापडात बांधून दिल्या. मूळ नोंदी, आम्हाला यायचा तो तक्ता यावरून उतरवलेला असायचा. "दादाने सांगून ठेवलंय, वह्या तिलाच द्यायच्या. ती तपासेल कधीतरी. तिला तपासायची सवय आहे."

बसमध्ये मधली वही मांडीवर उघडली. पहिल्याच पानावर आईची शून्यं. बाबांना ताप आला की आई जायची अंगणात. बाबांची शून्यं अंड्यासारखी उभट, आईची गोल गरगरीत, पोळपाटावर फिरवल्यासारखी. आठ दिवस सलग आईची शून्यं. वही मिटली. पुढचं बघायची छाती झाली नाही.

८ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी गेल्या गेल्या एकवीस तारखेचं शून्य काढलं. रेघ टाकली. खालचे सगळे आकडे एका झटक्यात गेले, बेरीजही गेली. एकशे सत्त्याऐंशीपुढे आडवी रेघ.

दशांशने बघितलं. "अगं, काय केलंस हे?"

म्हटलं, कोणी गेलं नव्हतं त्या दिवशी अंगणात.

अकरा वाजता तो स्वतः जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आला. पूर्ण कप.

९ नोव्हेंबर, मंगळवार

मसुदा साहेबांकडे गेला आणि नेहमीसारखा सोलून परत आला. "किंचित" खोडलं. "सुखद" खोडलं. "उशिरा का होईना" याच्यावर दोन रेघा आणि समासात — मॅडम, पाऊस आपल्यासाठी येत नाही, उशीर कोणाला?

शेवटी एक ओळ मी घातली होती: केंद्र १८७ येथील नोंदकांच्या निधनामुळे या केंद्राची मासिक बेरीज देता आलेली नाही. तीवर त्यांनी पेन टेकवलेलं दिसतं, शाईचा ठिपका आहे. पण खोडली नाही.

सांत्वनपत्रही सहीला गेलं. एकतीस वर्षांत एकही दिवस न चुकता. मी तपासलं, बरोबर म्हणून टिकमार्क केली. मला तो माणूस आठवतो तेव्हा दोन माणसं आठवतात. एक मोजपात्र माझ्या डोळ्यांसमोर धरणारा. दुसरा, आईला एकटं टाकून चपला घालणारा. पहिल्यासाठी रडते आणि दुसरा मधे येऊन उभा राहतो. असंच राहणार बहुतेक आता. विचारायला कोणी उरलं नाही.

१० नोव्हेंबर, बुधवार

गोषवारा गेला. घरी येऊन तिसरी वही उघडली. आईच्या शून्यांना किती दिवस भिणार!

चार वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. आठ तारखेला शून्य. दहाला शून्य. नऊला रेघ. पट्टी लावून, शाईने मारलेली.

त्यांनी शून्य लिहिलंच नव्हतं. ते आमच्या मशीनने शेजारच्या केंद्रांवरून भरलं होतं. आणि त्याच्या डोक्यावरची चांदणी मी काढून टाकली होती.

त्या दिवशी फोनवर मी त्यांना विचारलं नव्हतं. सांगितलं होतं.

रेघेसमोर, शेऱ्याच्या रकान्यात, बाबांचे तीन शब्द आहेत: हिच्याजवळ बसलो होतो.